पिवळ्या पेटीचा हिशेब

आमच्या ताईचे घर वडोदऱ्यास दांडिया बाजारात आहे. घर जुने, भिंती जाड, लाकूड सागाचे आणि गच्चीचा एक कोपरा दर पावसाळ्यात हटकून गळणारा. यंदा हे गळणे कायमचे थांबवावयाचे असा तिने निश्चय केला आहे. आणि ताईने काही निश्चय केला की पहिला निरोप धाकट्या भावाकडे यावयाचा, ही आमच्याकडील जुनी रीत आहे. निरोप असा होता : "अरे, डिसेंबरात चिरंजीव येताहेत. तिकडे त्याच्यापाशी भिंतीला भोके पाडण्याचे मोठे चांगले ड्रिल आहे, ते घेऊन येऊ का म्हणून विचारतो. पण म्हणतो, ते ११० व्होल्टांवर चालते. इंग्लंडात तर आपल्यासारखीच वीज ना? मग हे ११० कोठून आले?"

प्रश्न दिसावयास साधा, परंतु त्याच्या उत्तरात पुष्कळ काही दडलेले आहे. आपल्या मंडळींपैकी अनेकांची मुले आज इंग्लंडात बांधकामाच्या धंद्यात आहेत; कोणी अभियंता, कोणी देखरेखीवर, कोणी स्वतः छोटी कंत्राटे घेणारा. त्यांच्या तोंडी हा ११० चा आकडा वारंवार येतो आणि इकडे घरच्यांना त्याचा उलगडा होत नाही. म्हणून या महिन्याचे सदर ताईच्या प्रश्नालाच देण्याचे आम्ही ठरविले, आणि त्यासाठी भाच्याला दूरध्वनी केला. तो जे बोलला ते ऐकून, हा विषय केवळ कुतूहलाचा नाही हे आमच्या ध्यानी आले.

आधी मूळ गोष्ट सांगू. ब्रिटनमध्ये घरोघरी येणारी वीज आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टांची आणि ५० आवर्तनांची असते. पण बांधकामाच्या जागेवर, जेथे चिखल, पाणी, उघड्या सळया आणि तुडविल्या जाणाऱ्या वायरी असतात, तेथे हातात धरावयाची यंत्रे ११० व्होल्टांवर चालवावीत अशी त्या देशाची पक्की वहिवाट आहे. हा कमी दाब खांबावरून येत नाही. जागेवर आणून ठेवलेल्या, बहुधा भडक पिवळ्या रंगाच्या, वीस किलोंहून अधिक वजनाच्या एका पेटीतून तो निर्माण होतो. ही पेटी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, शासकीय मराठीत रोहित्र. तिच्यावरील सॉकेट व यंत्राचा प्लग दोन्ही पिवळे असतात. २३० व्होल्टांसाठी निळा रंग आणि ४०० साठी तांबडा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. प्लगांची ठेवणही अशी की निळ्यात पिवळा शिरतच नाही. निरक्षर माणसालाही कळावी अशी ही योजना आम्हांस फार आवडली.

पण खरी खुबी रंगात नाही, पेटीच्या पोटात आहे. रोहित्रात दोन गुंडाळ्या असतात. पहिलीला २३० व्होल्ट मिळतात आणि दुसरीतून ११० बाहेर पडतात. दोहोंत तारेचा संबंध नसतो, जो काही संबंध तो लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वाचा. ह्या दुसऱ्या गुंडाळीचा अगदी मध्यबिंदू जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडलेला असतो. परिणामी दोन्ही तारांमध्ये परस्परांत ११० व्होल्ट असले, तरी जमिनीच्या हिशेबाने प्रत्येक तार केवळ ५५ व्होल्टांवर राहते. आता विजेचा धक्का बसतो तो बहुतेक वेळा एका तारेला हात लागून आणि पाय जमिनीवर असून. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विरोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर ५५ व्होल्टांनी सुमारे ५५ मिलिअँपिअर प्रवाह वाहील आणि २३० व्होल्टांनी सुमारे २३०. पहिला धक्काही सुखाचा नव्हे. मात्र त्यातून माणूस वाचण्याचा संभव फार मोठा. दुसरा हृदयाची लय बिघडवू शकतो. अर्थात कोणी दोन हातांत दोन उघड्या तारा धरल्या, तर त्याला पुरे ११० व्होल्ट मिळणारच. तेवढ्या अविचारावर कोणतीही पेटी उपाय करू शकत नाही.

इतके ऐकून ताई म्हणाली, "मग झाले की. पेटी ठेवली की माणूस सुरक्षित." भाच्याची हकीकत नेमकी येथून सुरू होते.

गेल्या वर्षी एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे काम त्याच्या देखरेखीखाली होते. मागील भिंत पाडून खोली वाढवावयाची होती. पेट्या भाड्याने मिळतात, आणि भाडे आकाराप्रमाणे वाढते. घरच्या नेहमीच्या १३ अँपिअरच्या प्लगवर चालू शकणारी ३.३ किलोव्होल्ट-अँपिअरची, म्हणजे व्यवहारात ज्याला ३.३ केव्हीए म्हणतात ती, पेटी त्याने आणली. कामावर यंत्रे तीन : नऊ इंची ग्राइंडर सुमारे २,००० वॅटचा, काँक्रीट फोडण्याचे ब्रेकर यंत्र १,५०० वॅटचे, आणि कापताना उडणारी धूळ ओढून घेणारे यंत्र १,२०० वॅटचे. त्याने मनाशी हिशेब केला की तिन्ही एकदम कोण चालविणार? दोन चालली तरी बेरीज साडेतीन हजारांच्या आसपास. थोडीशी ओढाताण होईल, पण निभेल.

निभले नाही. अर्ध्या तासात पेटी तापून तिचा खटका आपोआप सुटला. वीस मिनिटे थांबावे, खटका दाबावा, पुन्हा काम सुरू करावे, पुन्हा तेच. दुपारपर्यंत हे पाचसहा वेळा झाले. वरून पाऊस लागला होता आणि भिंत अर्धी कापलेली. कामगारांपैकी एकाचा संयम संपला. त्याने आपल्या गाडीतून स्वतःचा २३० व्होल्टांचा ग्राइंडर आणला, स्वयंपाकघराच्या सॉकेटात प्लग खोचला, खिडकीतून वायर बाहेर घेतली आणि काम चालू केले. भाचा त्या वेळी रस्त्यावर मालाची गाडी उतरवून घेत होता. कापलेल्या विटेच्या धारेवर वायर घासली, वरचे आवरण फाटले, आणि ओल्या हाताने वायर गोळा करताना त्या गृहस्थाला सणसणीत धक्का बसला. कमरेएवढ्या उंचीच्या परांचीवरून तो खाली पडला. स्वयंपाकघराच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा संरक्षक खटका होता. त्याने सेकंदाच्या काही शतांश भागात वीज तोडली. मनगट मोडले, जीव वाचला.

"मामा, त्याने नियम मोडला हे खरे," भाचा आम्हांला म्हणाला, "पण तो मोडावयाची वेळ मी आणली. पेटी मी लहान घेतली होती."

हे वाक्य आम्ही अनेक दिवस मनात घोळवीत आहो. लहान पेटी घेण्याने काम रेंगाळते एवढेच आपण समजतो. वस्तुतः सुरक्षेचे जे साधन कामाला सतत अडविते, ते माणसे बाजूला सारतात. मग त्या साधनाच्या अंगी कितीही गुण असोत. म्हणून यंत्रांना साजेशी पेटी निवडणे हा केवळ भाड्याचा प्रश्न उरत नाही, तो सुरक्षेचाच प्रश्न होतो.

भाच्याची चूक कोठे झाली ते पाहू; कारण ती चूक शिकल्यासवरल्या माणसाकडूनही सहज होते. त्याने पेटीवरील ३.३ हा आकडा वाचला, त्याखालची बारीक अक्षरे वाचली नाहीत. बांधकामावरच्या अशा फिरत्या पेट्यांचा मोठा आकडा हा बहुधा थांबून थांबून चालविण्याचा असतो. पुष्कळ उत्पादक त्याचा अर्थ ५ मिनिटे भार आणि १५ मिनिटे विश्रांती असा देतात. अखंड चालवावयाची क्षमता त्याच्या सुमारे निम्मी, म्हणजे या पेटीची १.६५ केव्हीए. ही निम्मी कोठून येते याचा हिशेब मोठा सुबक आहे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा केला तर उष्णता चौथाई होते. वीस मिनिटांपैकी पाच मिनिटेच भार घातला, तर वेळही चौथाई. म्हणून पूर्ण भार चौथाई वेळ आणि निम्मा भार पूर्ण वेळ, ह्या दोहोंनी पेटी सारखीच तापते. पेटीला वॅट मोजता येत नाहीत. तिला फक्त उष्णता कळते.

आता भाच्याच्या यंत्रांकडे पुन्हा पाहा. ग्राइंडर एकटाच २,००० वॅटचा. अखंड चालविला तर तोच १.६५ च्या बाहेर. त्याच्या जोडीला धूळ ओढणारे यंत्र असतेच, कारण विटेची व काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते दोघे बरोबरच चालवावे लागतात. म्हणजे ३,२०० वॅट, तेही थांबून थांबून नव्हे. ड्रिल हे जात्याच थांबत चालणारे यंत्र आहे. भोक पडले की कामगार हात थांबवितो. मात्र धूळ ओढणारे यंत्र, पाण्याचा पंप, प्रखर दिवे, हवा तापविण्याची शेगडी ही सारी न थांबणारी मंडळी आहेत. त्यांची बेरीज पेटीच्या अखंड क्षमतेतच बसली पाहिजे. तेथे मोठ्या आकड्याचा आधार घेणे म्हणजे पाहुण्याला पंक्तीत बसवून अर्ध्या जेवणावर उठविणे.

आणखी दोन गोष्टी विसरू नयेत. एक, यंत्रावरील वॅटांचा आकडा आत ओढलेल्या शक्तीचा आहे की बाहेर दिलेल्या, हे पाहावे. आत ओढलेली शक्ती तीच हिशेबात धरावयाची, आणि वॅट व व्होल्ट-अँपिअर ह्यांत थोडा फरक असल्याने वर चौथाईभर जागा मोकळी ठेवावी. दुसरी, मोटर सुरू होतेवेळी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. सिमेंट कालविण्याच्या मिक्सरची मोटर तर पाचसहा पट घेते, मग भार जरा ओसरतो. सावकाश सुरू होणारा ग्राइंडर त्या मानाने सौम्य. तात्पर्य, मिक्सर असेल तर पेटी लहान घेण्याचा मोह आधीच सोडावा. एकाच मॉडेलचे ११० व्होल्टांचे रूप २३० च्या रूपापेक्षा कमी वॅटचेही असू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या यंत्राचा आकडा न घेता आपल्याच यंत्राची पाटी वाचावी.

सॉकेटाचाही एक हिशेब आहे. ११० ला १६ ने गुणले तर १,७६० येतात. तेव्हा १६ अँपिअरच्या पिवळ्या सॉकेटातून त्याहून अधिक अपेक्षा करू नये. त्याहून जड यंत्राला ३२ अँपिअरचे सॉकेट असलेली पेटी हवी. तसेच ५ केव्हीएची पेटी २३० च्या बाजूने सुमारे २२ अँपिअर ओढते; ती १३ अँपिअरच्या घरगुती प्लगवर लावणे म्हणजे फ्यूजला हात दाखविणे होय. तिला ३२ अँपिअरची स्वतंत्र जोडणी लागते. भाड्याने मोठी पेटी आणली आणि घरात तिला वीज मिळाली नाही, असेही पुष्कळांचे होते. शिवाय पेटीचा मुख्य खटका दाबताच क्षणभर गाभा मोठा प्रवाह ओढतो, कधी पूर्ण भाराच्या दहापट किंवा अधिक, आणि घरातला नाजूक एमसीबी उगीचच पडतो. त्यावर उपाय योग्य वर्गाचा एमसीबी हाच. वारंवार पडणारा एमसीबी चिंध्या बांधून वर धरून ठेवणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत.

एक सूक्ष्म गोष्ट वायरमन मंडळींसाठी. ह्या व्यवस्थेत ५५ आणि ५५ अशा दोन्ही तारा जिवंत असतात, न्यूट्रल कोणतीच नाही. म्हणून पेटीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवरील खटका दोन्ही तारा तोडणारा हवा. एकच तार तोडली, तर यंत्र बंद पडले तरी त्यात ५५ व्होल्ट उरतात.

मग भाच्याने पुढे काय केले? दुसऱ्या दिवशी त्याने घरात ३२ अँपिअरची तात्पुरती जोडणी करून घेतली, ग्राइंडर व ब्रेकर यंत्रासाठी ५ केव्हीएची पेटी आणली आणि धूळ ओढणारे यंत्र जुन्या लहान पेटीवर एकटेच ठेवले. ५ केव्हीएची अखंड क्षमता सुमारे २.५, ग्राइंडर २,००० वॅटचा, तेव्हा तो दिवसभरही निश्चिंतपणे चालतो. दोन्ही जड यंत्रे एकदम चालविली तर ३,५०० होतात. तीही चालतात, मात्र निम्मा वेळ विश्रांती दिली तर जेमतेम. म्हणून शक्य तो एक कापत असताना दुसऱ्याने फोडू नये, असे त्याने फळ्यावर लिहून ठेवले. धूळ ओढणाऱ्याचे १,२०० वॅट लहान पेटीच्या १.६५ केव्हीएत आरामात बसले. त्यानंतर खटका एकदाही सुटला नाही, आणि कोणाच्या गाडीतून दुसरा ग्राइंडर बाहेर आला नाही.

वायरीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण तेथे ११० व्होल्ट आपली किंमत वसूल करतात. तेच २,००० वॅट ११० व्होल्टांवर १८ अँपिअर ओढतात, २३० वर ९ सुद्धा नाहीत. २.५ चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर वायरीत १८ अँपिअरला सुमारे १६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात; यंत्रापर्यंत पोहोचतात ९४. २३० व्होल्टांच्या बाजूला तेवढ्याच वायरीत आठच व्होल्ट जातात, तेही २३० पैकी. म्हणजे टक्केवारीने नुकसान चौपटीहून अधिक. ग्राइंडर धापा टाकू लागतो, कामगार अधिक जोर लावतो, मोटर तापते, आणि दोष पेटीच्या माथी जातो. यावर मोह होतो तो पेटी यंत्राजवळ नेऊन २३० ची वायर लांब करण्याचा. हे कदापि करू नये. ज्या वायरीच्या भयाने पेटी आणली तीच चिखलात पसरण्यासारखे ते होईल. पेटी विजेच्या उगमाजवळ, २३० ची दोरी आखूड, आणि पुढची पिवळी वायर जाड, हीच रीत. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पुरती उलगडावी. गुंडाळीत अडकलेली उष्णता आवरण वितळविते.

अलीकडे बॅटरीची यंत्रे इतकी सुधारली आहेत की तिकडील साइटांवर ड्रिल आणि लहान ग्राइंडर बहुधा दोरीविनाच दिसतात, असे भाचा सांगतो. पण नऊ इंची ग्राइंडर, ब्रेकर यंत्र, मिक्सर यांना पिवळी पेटी अद्याप सुटलेली नाही.

आपल्या देशात ही ११० ची वहिवाट रुजली नाही. कल्पना मात्र परकी नव्हती : टाकी, खड्डा, नळ यांसारख्या कोंदट जागी पुरेशी संरक्षक साधने नसतील तर २४ व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा नेऊ नये, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. घरबांधणीवर मात्र आपण आजही २३० व्होल्ट ओल्या स्लॅबवर नेतो, आणि प्लग तुटला तर उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचतो. ताईच्या घरी गेल्या वर्षी नळकाम झाले तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत हे घडले, आणि आम्हीही "जरा जपून हो" यापलीकडे काही बोललो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

तर मग ड्रिल आणावे का? ब्रिटनचे ११० व्होल्टांचे यंत्र येथे चालेल, आवर्तनेही तीच ५०. पण त्याबरोबर पेटीही हवी, आणि तिचे वजन विमानात एका माणसाचे सारे सामान खाऊन टाकील. येथल्या बाजारात २३० चे ११० करून देणाऱ्या स्टेप-डाउन पेट्या मिळतात; अमेरिकेहून आलेल्या मिक्सरासाठी अनेक घरांत त्या आहेतही. परंतु त्यांतील पुष्कळशा एकाच गुंडाळीच्या असतात. त्यांत एक तार थेट घरातल्या विजेशी जोडलेली राहते, मध्यबिंदू जमिनीला बांधलेला नसतो, आणि सॉकेटात तारा उलटसुलट असल्या तर यंत्राची एक तार जमिनीपासून पूर्ण २३० व्होल्टांवर असते. यंत्र नीट चालते, माणसाला मात्र पिवळ्या पेटीचे संरक्षण मिळत नाही. अमेरिकी मिक्सर, किटली यांच्यासाठी अशी पेटी घेतानाही तिची अखंड क्षमता विचारून घ्यावी. १,५०० वॅटची किटली १,००० ची पेटी जाळते. तिकडील ६० आवर्तनांवर चालणारे विजेचे घड्याळ इकडे तासाला दहा मिनिटे मागे पडेल, ते कोणत्याही पेटीने सुधारत नाही.

आम्ही ताईला कळविले : ड्रिल तिकडेच राहू दे. चिरंजिवांना रिकाम्या हातांनी येऊ दे. गच्चीच्या कामासाठी येथेच दुहेरी आवरणाचे २३० व्होल्टांचे ड्रिल भाड्याने घेऊ, आणि काम सुरू होण्याआधी आमचा वायरमन गच्चीकडच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून, त्याचे चाचणीचे बटण आमच्यासमोर दाबून दाखवील. ताईचे उत्तर आले : "बरे. पण रिकाम्या हातांनी कशाला? चहा आणावयास सांग."